आठवड्याला दोन सूत

त्याला सगळे सूतभर म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते दुकानाच्या परवान्यावर आणि पुढे दवाखान्याच्या फायलीवर तेवढं उरलं. कुणी खिडकीचं माप घेऊन आलं की तो चिठ्ठीवर नजर टाकायचा आणि म्हणायचा, "सूतभर कमी कापतो." इंचाचे आठ भाग केले तर त्यातला एक म्हणजे सूत. चौकटीच्या अगदी मापाची काच कापली, तर दमट हवेत लाकूड फुगतं आणि काच जागच्या जागी तडकते. तिला एवढीशी मोकळीक लागतेच. हे शहाणपण त्याने काचेपुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तो जेवायचा सूतभर कमी, बोलायचा सूतभर कमी, आणि बायकोचं म्हणणं असं की लग्नाच्या फोटोतही तो सूतभर कमीच हसलाय.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच, एकाच बाबतीत, आहे त्यापेक्षा जास्त सांगितलं. आणि तेच त्याला भोवलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीशी काचा उभ्या लावलेल्या, मध्ये जुनं ब्लँकेट अंथरलेलं मोठं टेबल, आणि मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेले कागदाचे फर्मे. गोल खिडकी, कमानीची खिडकी, कोपरा उडालेलं टेबल, असं जे जे वेडंवाकडं असेल त्याचा आधी जाड कागदावर आकार काढायचा आणि मग त्याबरहुकूम काच कापायची. काम झालं तरी फर्मा टाकून द्यायचा नाही, ही त्याची खोड. कित्येक गिऱ्हाइकं जग सोडून गेली, त्यांच्या खिडक्या मात्र त्या खिळ्यावर लटकत होत्या.

काच कापायचा हिरा तो अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायचा आणि करंगळी काचेवर टेकवायचा. बघणाऱ्याला वाटे, हात लाकडी पट्टीच्या आधाराने चाललाय. खरा आधार करंगळीचा होता. काचेवर कुठे कण आहे, कुठे जोर कमी पडतोय, हे तिला आधी कळायचं आणि त्याला मागाहून. रेघ एका दमात, एका आवाजात ओढायची. आणि ओढलेल्या रेघेवरून हिरा पुन्हा फिरवायचा नाही. रेघ फसली तर काच बाजूला ठेवायची, पण त्याच जागी दुसऱ्यांदा गेलात तर ती हवी तिथून मोडत नाही, मनाला येईल तशी फुटते. हा नियम त्याने वडिलांकडून घेतला होता, आणि इतका मुरवून घेतला होता की तो काचेचा नियम आहे हेच विसरला होता.

नजरेचं तर विचारू नका. टेप उघडायच्या आत तो म्हणायचा, "एकोणीस इंच तीन सूत," आणि टेप निमूटपणे तेच म्हणायची. मोजूनमापून गर्व करावा अशी ही एकच गोष्ट त्याच्याकडे होती, आणि तो करायचा.

केस कापायच्या एका दुकानाला माणसाएवढा आरसा पोचवायचा होता. उचलायला येणारा हमाल त्या सकाळी आलाच नाही. "मी धरते की," बायको म्हणाली. सत्तावीस वर्षं तिने दुकानात टेपचं दुसरं टोक धरलं होतं, आरसा काय जड! तिने धरलाही. उंबऱ्यावर तिची चप्पल अडकली, तिच्या बाजूने आरसा खाली गेला आणि दाराच्या चौकटीवर आपटला. सुळ्यासारखा एक तुकडा त्याच्या उजव्या हातात, कोपराच्या खाली चार बोटांवर, आतल्या बाजूने घुसला, आणि निघता निघता दीड इंच खाली आणखी एक चीर पाडून गेला.

"लागलं का तुला?" त्याने विचारलं. मग हाताला फडकं गुंडाळून तो म्हणाला, "आधी काचा झाडून घे, कुणाच्या पायात जातील." काचवाल्याला कापण्याचं कौतुक नसतं. फडकं दोनदा बदललं तरी रक्त थांबेना तेव्हा ती रिक्षा घेऊन आली.

मोठ्या दवाखान्यातल्या हाताच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी दुर्बिणीखाली तीन तास शिवण घातली आणि दुसऱ्या दिवशी खाटेशी खुर्ची ओढून बसल्या.

"काका, तुमची नस तुटली होती. रक्ताची नाही, हुकूम नेणारी. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि पंजातले बारीक स्नायू तिच्यावर चालतात. मी टोकं जोडलीत. पण वरून नवा धागा उगवत खाली जाईल तेव्हा हात चालेल."

"किती दिवस?"

"नस रोज एक मिलिमीटर वाढते. सगळं नीट झालं तर."

"आणि तोवर हात नुसता पडून राहील, एवढंच ना?" बायकोने विचारलं.

"एवढंच नाही ना, काकू. वायर तुटली तर पंखा वर्षभर तसाच राहतो. स्नायू राहत नाही. हुकूम आला नाही की तो बारीक होत जातो, मग त्याची जागा चरबी आणि दोरे घेतात. वर्ष, फार तर दीड वर्ष तो वाट बघतो. त्यानंतर नस पोचली तरी उपयोग नाही. पोचली तेव्हा घरात कुणी नाही, असं होतं."

मग त्यांनी बायकोला एक युक्ती शिकवली. करंगळीच्या बाजूने सुरुवात करून बोटाने टिचक्या मारत वर कोपराकडे जायचं. जिथे टिचकी मारल्यावर करंगळीत झिणझिण्या उठतील, तिथवर नस पोचली असं समजायचं. "दर रविवारी बघा. खूण पुढे सरकली तर उत्तम. तीन-चार महिन्यांत ती एका जागी अडकली, तर मला लगेच सांगा. पुन्हा उघडून मधला भाग काढू, पायातली नस आणून जोडू. पण ते वेळेत व्हायला हवं."

पुन्हा उघडून, हे दोन शब्द त्याच्या कानात गेले आणि तिथेच बसले.

घरी आल्यावर त्याने गणित केलं. तीन दिवसांत सूतभर, म्हणजे आठवड्याला दोन सूत आणि वर केसभर. जखमेपासून पंजापर्यंत नऊ इंच. सुरुवातीचे जोड धरायचे दिवस मिळवले तर दहा महिन्यांत हात दारात. बायकोने जाड कागद टेबलावर पसरला, त्यावर त्याचा हात ठेवला आणि काचेवर खुणा करायच्या मेणपेन्सिलीने कोपरापासून बोटांपर्यंत आकार काढून घेतला. दोन्ही जखमाही काढल्या. हाताचा फर्मा तयार झाला आणि मेलेल्या गिऱ्हाइकांच्या खिडक्यांशेजारी खिळ्यावर गेला.

पुढच्या महिन्यांत हात हळूहळू परका होत गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून बसली, काही मागतायत अशी. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला गुबगुबीत उंचवटा आधी सपाट झाला, मग तिथे खळगा पडला. पंजाच्या पाठीवर हाडांच्या मध्ये चर दिसू लागले. उकाड्यात सगळ्या तळहाताला घाम यायचा, करंगळीची बाजू कोरडी ठणठणीत, कागदासारखी. एकदा चहाच्या पातेल्याला करंगळी टेकलेली राहिली आणि वास आला तेव्हा बायको धावली. तो शांतपणे बघत होता. त्याला वाटलं होतं, दूध उतू गेलं.

हिरा त्याने एकदाच धरून पाहिला. चिमटीतून तो असा निसटला की जणू त्याला कधी धरलंच नव्हतं. डाव्या हाताने खटाटोप केला, दोन काचा वाया घालवल्या, मग तयार आरसे आणि फोटोच्या चौकटी विकत बसला. वेडंवाकडं माप घेऊन कुणी आलं की बायको सांगायची, "थोडे दिवस थांबा, हात येतोय." जणू हात परगावी गेला होता आणि त्याचं पत्र आलं होतं.

उंबऱ्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. त्याने मनात ठेवलंच नव्हतं. तिने ठेवलं होतं. त्या दिवसापासून ती घरातसुद्धा उंबरा ओलांडताना थांबायची, पाय उचलायची आणि मग पलीकडे टेकवायची. ते त्याला दिसायचं, आणि त्या वेळी तो दुसरीकडे बघायचा.

रविवारी सकाळी मात्र घरात धांदल. ती फर्मा उतरवायची, पेन्सिलीला टोक करायची, त्याचा हात मांडीवर घ्यायची. टिक, टिक, टिक. "इथं?" "नाही." "इथं?" "हं, इथं." पहिल्या खुणा वाकड्यातिकड्या पडल्या. एका आठवड्यात सूतभर, पुढच्यात काहीच नाही, मग एकदम तीन सूत. बाराव्या रविवारी खूण खालच्या जखमेपाशी आली. तेराव्या रविवारी तिथेच होती.

चौदाव्या रविवारीही तिथेच.

"नाही सरकली?" तिने विचारलं. आवाज साधाच ठेवला होता, पण पेन्सिल कागदावर टेकवून ती तशीच बसली, आणि तिची नजर दाराकडे गेली. खाली, उंबऱ्याकडे. तो हे बघत होता. दोन सूत पुढे कुठली जागा येते हे त्याला न मोजता दिसत होतं. नस तिथे असायलाच हवी होती. त्याची नजर आजवर चुकली नव्हती.

"थांब, पुन्हा मार. थोडं खाली," तो म्हणाला. तिने मारली. "हं. इथं."

खोटं बोललो असं त्याला त्या क्षणी वाटलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. काहीतरी झिणझिणल्यासारखं झालं होतं. मनापासून वाट बघितली की होतंच. शिवाय डॉक्टरांना कळवलं असतं तर त्यांनी पुन्हा उघडलं असतं, ओढलेल्या रेघेवरून पुन्हा हिरा फिरवला असता, आणि मग जे काही आहे तेही मनाला येईल तसं फुटलं असतं. असं तो स्वतःला समजावत राहिला. आणि बायको त्या दिवशी कित्येक दिवसांनी गुणगुणत भांडी घासत होती.

पंधराव्या रविवारी त्याने पुढची जागा सांगितली. सोळाव्या रविवारीही. पुढे पुढे टिचकी कुठे पडते याकडे तो लक्षच देईनासा झाला. नजरेने माप घ्यायचं आणि तिचं बोट तिथे आलं की म्हणायचं, इथं. कधी रविवार येऊ नये असं वाटायचं, कधी वाटायचं एवढ्या खुणा पडल्यात तर मागून नसही येतच असेल. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचं. डॉक्टर टिचक्या मारायच्या, तो त्यांनाही इथं म्हणायचा, बायको अभिमानाने फर्मा उलगडायची. "वा! चाललीय की," डॉक्टर म्हणायच्या. सहाव्या महिन्यात खूण हाताच्या मध्यावर होती, नवव्यात मनगटाच्या अलीकडे. बायकोने परस्पर मोठ्या खिडकीचं एक काम धरून ठेवलं, दोन महिन्यांनी करू म्हणून सांगितलं.

अकराव्या महिन्यात खूण पंजात उतरली. डॉक्टर म्हणाल्या, "आता बोटं पसरा, काका." बोटं हलली नाहीत. खळगा होता तसाच होता. "थोडं थांबू," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. महिनाभराने पुन्हा तेच. मग त्यांनी यंत्राची तपासणी लिहून दिली. तिचा नंबर लागायला आणखी चार आठवडे गेले.

तपासणीच्या खोलीत एक बाई त्याच्या स्नायूंत बारीक सुई टोचून यंत्राकडे कान लावून बसल्या. आधी त्यांनी चांगल्या बाजूला टोचली. "जोर लावा." यंत्र खरखरलं, डांबरी रस्त्यावर पत्रा ओढावा तसं. मग अंगठ्याजवळच्या खळग्यात टोचली. "जोर लावा." त्याने दात आवळून जोर लावला, मान ताठ झाली. यंत्र गप्प. करंगळीच्या बाजूला टोचली. गप्प. आयुष्यभर आवाजावरून काच ओळखलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी कागद वाचला, त्याच्या हातावर टिचक्या मारल्या. या वेळी तो काही बोललाच नाही. मग त्यांनी फर्मा मागितला. बराच वेळ बघत राहिल्या. टेबलावरची छोटी पट्टी उचलली आणि दोन खुणांवर ठेवली. मग पुढच्या दोन, मग त्यापुढच्या.

"काकू, या खुणा तुम्ही पट्टी लावून काढल्यात?"

"नाही हो. हे सांगायचे, मी काढायची."

"पहिल्या बारा-तेरा वेड्यावाकड्या आहेत. नस अशीच चालते. इथून पुढे," त्यांनी खालच्या जखमेवर बोट ठेवलं, "प्रत्येक अंतर सारखं आहे. केसाचाही फरक नाही. नस पट्टी लावून चालत नाही, काका."

टेपने आजवर ज्याची साक्ष दिली, त्या नजरेने आज त्याला उघडं पाडलं. कुठे सूतभर चुकला असता तर कदाचित कळलंही नसतं.

"दुसरी जखम मला वरवरची वाटली होती," डॉक्टर म्हणाल्या. आवाजात राग होता आणि राग कुणावर करावा हे त्यांना कळत नव्हतं. "तिथल्या वणाच्या गाठीत नस अडकलीय. चौथ्या महिन्यात कळलं असतं तर मी उघडलं असतं. मीही यंत्र लवकर लावायला हवं होतं, खुणांवर विसंबले. आज जोडली तरी खाली पोचायला नऊ महिने लागतील. तोवर तिथे कोणी नसेल. का सांगितलं नाहीत?"

तो खाली बघत होता. "पुन्हा उघडायचं म्हणालात," तो म्हणाला. "एका रेघेवर दोनदा..." आणि थांबला, कारण मोठ्याने म्हटल्यावर ते किती खुळचट आहे हे त्यालाच ऐकू आलं.

"हात म्हणजे काच नव्हे हो," डॉक्टर म्हणाल्या. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं की दुसरी एक शस्त्रक्रिया करता येईल, बोटं सरळ होतील, ताट धरता येईल, सदऱ्याची बटणं लावता येतील. चिमटीत पहिल्यासारखा जोर येणार नाही. करंगळीला कळणार नाही.

 बायकोने फर्म्याची गुंडाळी केली, पिशवीत घातली आणि उभी राहिली. बसमध्ये ती खिडकीशी बसली. निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाली, "माझ्यासाठी केलंत?"

"नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "थोडं."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी रडले असते. एक दिवस, दोन दिवस. मग गेलो असतो ना डॉक्टरांकडे." तिचा आवाज चढला, पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. "मला माझी चूक झेपली असती हो. आता ही तुमची पण माझ्याच अंगावर आली. ती मी कुठे ठेवू?"

 त्याला लाज वाटत होती, हाताचं दुःखसुद्धा त्या लाजेपुढे मागे राहिलं होतं. घरी आल्यावर ती दारात थांबली, पाय उचलला, उंबरा ओलांडला. मोठ्या खिडकीच्या गिऱ्हाइकाला तिनेच निरोप धाडला की दुसरीकडे बघा. आठवडाभर घरात कामापुरतं बोलणं झालं.

रविवार आला. तो टेबलाशी बसून होता. फर्मा पिशवीतच होता, तो आता कोण काढतंय. तेवढ्यात ती आली, समोर स्टूल ओढून बसली आणि त्याचा हात मांडीवर घेतला. दुसऱ्या हातात पेन्सिल होती.

"आता कशाला?" तो म्हणाला.

"डोळे मिटा."

"अगं, काय उपयोग..."

"मिटा म्हटलं ना. आणि खरं सांगायचं."

त्याने डोळे मिटले. टिचकीचा बारीक आवाज त्याला ऐकू येत होता, जागा कळत नव्हती. नजर नव्हती, माप नव्हतं.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही."

ती घाई करत नव्हती. पंजा संपला असावा, मनगट आलं असावं. आता हातावर टिचकी कळू लागली, करंगळीत मात्र काही उठेना. दर वेळी ती विचारायची आणि दर वेळी तो नाही म्हणायचा. प्रत्येक नाहीबरोबर त्याचा आवाज बसत गेला. ज्या ज्या रविवारी इथं म्हटलं होतं तो प्रत्येक रविवार तिने त्याच्याकडून परत घेतला. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते पुसायला तो हात उचलत नव्हता.

"इथं?"

करंगळीत वीज चमकली. "हो," तो म्हणाला. "इथं. इथंच."

पेन्सिलीचं मेणाचं टोक खालच्या जखमेच्या वणावर टेकलं, एक छोटी रेघ ओढली गेली.  तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, जवळून, भरून आलेला.

"झालं का?" त्याने डोळे मिटूनच विचारलं. "हात काढू?"

 तिने त्याची करंगळी मुठीत घट्ट, नखं रुतेपर्यंत घट्ट, धरून ठेवली होती.